वाट पाहण्याचा हिशेब

वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाने बोनस, महागाई भत्ता आणि संप यांविषयी बोलावे, विद्यापीठांच्या प्रवेशाचा विषय प्राध्यापकांवर सोपवावा, असा एक समज आहे. तो आम्हांला मान्य नाही. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. परंतु एखादी संस्था माणसाला दाराबाहेर थांबवून ठेवते, तेव्हा त्या थांबण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, हा प्रश्न आमच्या रोजच्या कामातला आहे. तो गिरणीच्या दाराशी जसा लागू पडतो, तसाच विद्यापीठाच्या दाराशीही लागू पडतो. म्हणून २०२० सालच्या करोनाच्या साथीत अमेरिकेतील एका विशिष्ट वर्गाच्या विद्यार्थ्यांना प्रवेशाच्या निकालाची जी वाट पाहावी लागली, तिचा हिशेब आम्ही येथे मांडणार आहोत.

इतक्या दूरचे उदाहरण कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, ज्याला आपण सोयीसाठी 'बदली-प्रवेश' म्हणू, त्याची फार मोठी व्यवस्था अमेरिकेत शंभर वर्षांहून अधिक काळ उभी आहे; आणि आपल्या देशानेही आता त्याच दिशेने पाऊल टाकले आहे. दुसऱ्याच्या घराचा पाया पाहून आपले घर बांधावे, यात कमीपणा नाही.

बदली-प्रवेश म्हणजे काय, हे प्रथम समजून घेऊ. अमेरिकेत पदवीचा अभ्यासक्रम सामान्यतः चार वर्षांचा. ज्याला परवडते आणि ज्याचे गुण चांगले, तो पहिल्या वर्षापासूनच विद्यापीठात जातो. ज्याला ते परवडत नाही, ज्याला नोकरी करून शिकायचे आहे, किंवा जो शाळेत मागे पडला, तो आपल्या गावाजवळच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात नाव घालतो. त्याला तेथे कम्युनिटी कॉलेज म्हणतात. इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी १९०१ साली असे पहिले सार्वजनिक कॉलेज निघाले. तेथे दोन वर्षांचा अभ्यास पुरा करून, मिळवलेली क्रेडिटे म्हणजे श्रेयांक बरोबर घेऊन, विद्यार्थी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश मागतो. हाच बदली-प्रवेश.

कॅलिफोर्निया राज्याने या गोष्टीला १९६० साली कायद्याचे रूप दिले. क्लार्क कर हे त्या वेळी कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि पॅट ब्राउन हे राज्यपाल. त्यांच्या काळात उच्च शिक्षणाची जी बृहद् योजना झाली, तिने तीन पायऱ्या ठरवल्या. शाळेतून बाहेर पडणाऱ्यांपैकी वरच्या एक-अष्टमांश मुलांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांश मुलांसाठी राज्य महाविद्यालये, आणि ज्याला शिकण्याची इच्छा आहे अशा कोणासाठीही कम्युनिटी कॉलेज. खालच्या पायरीवर उभ्या असलेल्याला सांगण्यात आले की, येथे दोन वर्षे नीट अभ्यास कर. वरचे दार तुला तिसऱ्या वर्षी उघडे राहील. म्हणजे बदली-प्रवेश ही त्या योजनेची मेहेरबानी नव्हे. तो तिच्या सौद्यातला भाग आहे. तो भाग काढला तर उरलेली योजना म्हणजे मुलांची तीन कप्प्यांत केलेली वाटणी एवढेच राहील.

महामारीच्या वेळी या राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजे होती आणि त्यांत वीस लाखांहून अधिक विद्यार्थी शिकत होते. राज्यातील विद्यार्थ्याला एका श्रेयांकाची फी ४६ डॉलर. विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षासाठी ६० श्रेयांक लागतात. म्हणजे दोन वर्षांची फी २,७६० डॉलर. अमेरिकेच्या मानाने ही रक्कम लहान आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातून पदवी घेणाऱ्यांपैकी दहांत सुमारे तीन जण आणि राज्य विद्यापीठाच्या पदवीधरांपैकी सुमारे निम्मे या वाटेने आलेले असतात. तेव्हा ही पाऊलवाट नसून चांगला हमरस्ता आहे.

आता या रस्त्यावरचे वेळापत्रक पाहू. समजा, फ्रेस्नो शहरातील एक मुलगी दिवसा उपाहारगृहात काम करते आणि सायंकाळी कॉलेजात जाते. ती नोव्हेंबर महिन्यात कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे अर्ज करते. या विद्यापीठाची पदवीचे शिक्षण देणारी नऊ केंद्रे आहेत. प्रत्येक केंद्रासाठी त्या वर्षी ७० डॉलर अर्जशुल्क होते. गरीब विद्यार्थ्याला चार केंद्रांपर्यंत ते माफ होत असे. जानेवारीत ती आपले नवे गुण आणि पुढच्या सत्रात घेतलेले विषय कळवते. निकाल एप्रिल संपेपर्यंत येतात. तिने १ जूनपर्यंत होकार द्यायचा. एवढे झाल्यावरही प्रवेश सशर्तच असतो. वसंत सत्राचे विषय उत्तीर्ण होऊन अंतिम गुणपत्रक जुलैच्या आरंभी विद्यापीठात पोचले, म्हणजे तो पक्का झाला. नोव्हेंबर ते जुलै हे आठ महिने तिने घरमालकाला काय सांगावे, उपाहारगृहाच्या व्यवस्थापकाला काय सांगावे, धाकट्या भावंडांची व्यवस्था काय लावावी, हे सारे त्या एका उत्तरावर अवलंबून. साध्या वर्षातही ही वाट लांबच आहे.

२०२० साली या वेळापत्रकाच्या मधोमध महामारी येऊन उभी राहिली. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची साथ ही महामारी असल्याचे जाहीर केले. १९ मार्चला कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी लोकांनी घरीच राहावे असा हुकूम काढला. अर्ज तर चार महिन्यांपूर्वीच गेलेले. निकाल अजून आलेले नाहीत. आणि ज्या सत्रावर प्रवेश पक्का व्हायचा, ते सत्र अर्ध्यात कॉलेजच्या इमारतीतून उठून घरातल्या संगणकावर गेलेले. रसायनशास्त्राचे प्रयोग स्वयंपाकघराच्या टेबलावर कसे करावेत? घरात एकच संगणक आणि तीन शिकणारी मुले असतील, तर तास कोणी बुडवावा? उपाहारगृहे बंद पडली, म्हणजे मजुरी गेली. एप्रिल महिन्यात अमेरिकेतील बेकारी १४ टक्क्यांच्या वर गेली. हॉटेले, दुकाने, करमणुकीचे धंदे यांना पहिला तडाखा बसला. कम्युनिटी कॉलेजांतील विद्यार्थ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अर्धवेळ शिकणारे. त्यांतील पुष्कळांचे हातावर पोट. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, अशी गत झाली.

येथे विद्यापीठाची बाजूही सांगितली पाहिजे. एकच बाजू ऐकून निवाडा करणे आम्ही पंचवीस वर्षे वाटाघाटीच्या टेबलावर बसून सोडून दिले आहे. विद्यापीठ जागांपेक्षा अधिक विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ करते, कारण त्यांतले काही दुसरीकडे जातात. किती जातील याचा अंदाज मागील वर्षांच्या अनुभवावरून बांधतात. महामारीने हा अंदाजच उधळला. घराजवळ राहावे म्हणून कोण नकार देईल, बापाची नोकरी गेली म्हणून कोण थांबेल, परदेशी विद्यार्थी येऊ शकतील की नाही, हे कोणालाच सांगता येईना. अशा वेळी विद्यापीठ प्रतीक्षायादी लांबवते आणि ठाम उत्तर द्यायला कचरते. तेही वाटच पाहत असते. फरक एवढाच की, विद्यापीठ पगार चालू असताना वाट पाहते आणि उपाहारगृहातली मुलगी पगार बंद झालेला असताना.

मग त्या वर्षी काय केले गेले? कॅलिफोर्निया विद्यापीठाने एप्रिल २०२० च्या आरंभीच काही सवलती जाहीर केल्या, आणि त्या समजून घेण्याजोग्या आहेत. पहिली, त्या काळातील विषयांना अक्षरी श्रेणीऐवजी नुसते 'उत्तीर्ण' असे मिळाले तरी ते स्वीकारले जाईल, आणि अशा श्रेयांकांवर एरवी जी मर्यादा असते ती तात्पुरती उठवली जाईल. दुसरी, अंतिम गुणपत्रक वेळेवर पोचले नाही, एवढ्याच कारणासाठी कोणाचा प्रवेश रद्द होणार नाही. कागद येईपर्यंत, वर्ग सुरू होण्याच्या दिवसापर्यंत प्रवेश कायम राहील. तिसरी, ज्यांना होकार कळवायला किंवा पैसे भरायला मुदत वाढवून हवी, त्यांची अडचण पाहून ती दिली जाईल.

या सवलतींनी प्रयोगशाळा उघडली नाही किंवा कोणाची नोकरी परत आली नाही. परंतु त्यांनी एक मोठे काम केले. काय केले म्हणजे प्रवेश जाईल आणि काय केले तरी जाणार नाही, हे लेखी सांगितले. ज्याला रात्री झोप लागत नाही, त्याची निम्मी चिंता संकटाची असते आणि निम्मी नियम माहीत नसल्याची. संकट कोणाच्या हातात नव्हते. नियम मात्र होता, आणि तो ज्यांनी लवकर सांगितला त्यांनी विद्यार्थ्यांच्या डोक्यावरचे अर्धे ओझे उतरवले.

सगळीकडे असे झाले नाही. राज्य विद्यापीठाच्या तेवीस केंद्रांसाठी शरद सत्र बहुतांशी घरूनच होईल, ही घोषणा १२ मे रोजी झाली. होकाराच्या आधी निदान काही दिवस तरी ती कळली. इतर अनेक विद्यापीठांची योजना १ जूनची तारीख आली तरी पक्की नव्हती. म्हणजे विद्यार्थ्याने होकार द्यायचा, पण वर्ग कोठे भरणार, खोली भाड्याने घ्यायची की नाही, हे त्याला माहीत नाही. एका पक्षाला तारखेचे बंधन आणि दुसऱ्याला नाही, अशा कराराला आमच्या धंद्यात एकतर्फी करार म्हणतात.

पैशांचा प्रकार पाहा. २७ मार्च २०२० रोजी अमेरिकेत मदतीचा मोठा कायदा झाला. त्यात उच्च शिक्षणासाठी सुमारे १४ अब्ज डॉलर होते, आणि कॉलेजांना मिळणाऱ्या मुख्य वाट्यापैकी निदान अर्धी रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची होती. हेतू चांगला. परंतु वाटणी करताना माणसे मोजली नाहीत. पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या बरोबरीने मोजदाद केली. अर्धवेळ शिकणारे दोघे मिळून एक धरले. दोघांना भूक मात्र स्वतंत्र लागते. यामुळे जेथे अर्धवेळ विद्यार्थी अधिक, त्या कम्युनिटी कॉलेजांना माणशी कमी पैसा मिळाला. शिवाय केंद्रीय शिक्षण खात्याने कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना त्यातून वगळले. कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजे मे महिन्यात न्यायालयात गेली, आणि जून २०२० मध्ये न्यायालयाने तेथील कॉलेजांपुरती ती अट तात्पुरती रोखली. तोपर्यंत सत्र संपून गेले होते.

आपल्याकडून तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांचे हाल तर निराळेच. मार्च २०२० च्या मध्यावर भारतातील अमेरिकन वकिलातींनी व्हिसाचे नेहमीचे काम थांबवले. मुंबईपुण्याच्या ज्या मुलांच्या हाती प्रवेशाचे पत्र होते, त्यांच्या हाती व्हिसा नव्हता. जे आधीच तिकडे होते, त्यांच्यावर ६ जुलै रोजी नवा हुकूम आला की, सर्व तास घरूनच होणार असतील तर परदेशी विद्यार्थ्याने देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी या संस्था न्यायालयात गेल्या आणि १४ जुलैला सरकारने हुकूम मागे घेतला. मधले आठ दिवस त्या मुलांनी आणि इकडे त्यांच्या आईबापांनी कसे काढले असतील, ते सांगायला नको.

आता आमच्या अनुभवाच्या गोष्टीकडे येतो. 'बदली' हा शब्द मुंबईच्या गिरणगावात फार जुना आहे. कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी घ्यायचा तो बदली कामगार. सकाळी भोंग्याच्या वेळी त्याने गिरणीच्या दाराशी उभे राहायचे. नाव पुकारले तर दिवसाची मजुरी, नाही तर हात हलवीत चाळीत परत. कोणाचे नाव पुकारायचे हे जॉबरच्या मर्जीवर. उभे राहण्याचा मोबदला नाही. १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हा निदान दाराशी कोणी उभे राहायचे याला काही नियम आला. पुढे १९५३ साली औद्योगिक कलह कायद्यात ले-ऑफच्या भरपाईची तरतूद झाली. मालकाजवळ काम नसले तरी पटावरच्या कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम द्यावी लागे. आणि बदली कामगारानेही सलग एक वर्षाची नोकरी पुरी केली, तर या भरपाईपुरता तो बदली समजला जात नसे.

या तरतुदीतले तत्त्व साधे आहे. माणसाला थांबवून ठेवणे ही फुकटची गोष्ट नाही. तिला किंमत आहे, आणि जो थांबवतो त्याने तिचा काही वाटा उचलावा. हे तत्त्व कोणा मालकाच्या मनात आपोआप उगवले नाही. दाराशी उभ्या राहिलेल्या माणसांनी ते मागितले, तेव्हा ते कायद्याच्या पुस्तकात आले. विद्यापीठाच्या दाराशी हे तत्त्व अजून पोचायचे आहे. तेथे अर्जाचे शुल्क विद्यार्थ्याने द्यायचे, थांबण्याचे महिने विद्यार्थ्याने काढायचे, आणि उत्तर 'नाही' आले तर त्याचे कारणही पुष्कळदा त्याला कळत नाही.

तथापि एक आशेची गोष्ट आहे. कॅलिफोर्नियात दोन प्रकारची लेखी हमी मिळते. नऊपैकी सहा केंद्रे अशी आहेत की, ठरलेले विषय ठरलेल्या गुणांनी पुरे करण्याचा करार विद्यार्थी आधीच, सप्टेंबर महिन्यात मागू शकतो. अट पाळली की प्रवेश नक्की. मात्र एका वेळी एकाच केंद्राशी. दुसरी हमी २०१० सालच्या कायद्याने आली. कम्युनिटी कॉलेजची 'बदलीसाठीची पदवी' घेतलेल्याला राज्य विद्यापीठात जागा मिळेल, आणि त्याचे ६० श्रेयांक वाया जाणार नाहीत. केंद्र कोणते, ते मात्र कायदा सांगत नाही.

श्रेयांक वाया जाणे ही लहान बाब नाही. अमेरिकन संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने २०१७ साली दाखवून दिले की, २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे अंदाजे ४३ टक्के श्रेयांक बदलीत बुडाले. गिरणी बदलली म्हणून कामगाराची मागची नोकरी निम्मी पुसून टाकावी, तसाच हा प्रकार. महामारीच्या वसंतात ज्याच्या हाती लेखी हमी होती, त्यालाही आजाराची आणि भाड्याची चिंता होतीच. पण दार उघडेल की नाही ही चिंता त्याला इतरांपेक्षा कमी होती. संकट सर्वांवर सारखे आले. कागद सर्वांजवळ सारखा नव्हता.

परिणाम काय झाला? २०२० च्या शरद सत्रात अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांची पटसंख्या आदल्या वर्षापेक्षा सुमारे १० टक्क्यांनी घटली, आणि शाळेतून प्रथमच तेथे येणाऱ्यांची संख्या सुमारे एक-पंचमांशाने. एरवी मंदी आली की बेकार माणसे कॉलेजकडे वळतात. या वेळी उलटे झाले. ज्या रांगेत उभे राहण्याचा खर्च गरिबाला झेपत नाही, त्या रांगेतून गरीब मुकाट्याने निघून जातो. तो मोर्चा काढत नाही, तक्रार लिहीत नाही. पुढच्या वर्षीच्या आकड्यांत तो फक्त दिसेनासा होतो.

आपल्या राज्यातही त्या वर्षी काय झाले, ते वाचकांच्या स्मरणात असेल. जून २०२० मध्ये राज्य शासनाने पदवीच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचे ठरवले. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबरअखेर परीक्षा घ्याच असे सांगितले. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. मात्र राज्यांना मुदत वाढवून मागता येईल. तीन महिने मुलांना आपण उत्तीर्ण की परीक्षार्थी, हे ठाऊक नव्हते. ज्यांना पुढे दुसऱ्या विद्यापीठात किंवा नोकरीवर जायचे होते, त्यांनी कोणाला काय उत्तर द्यावे? परीक्षा घ्यावी की न घ्यावी, या वादात दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे होते. पण वादाचे तीन महिने कोणाच्या खात्यावर पडले, याची चर्चा आम्ही कोठे ऐकली नाही.

याच वर्षी २९ जुलैला नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले, आणि २०२१ साली श्रेयांक बँकेचे नियम आले. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक साठवून दुसऱ्या संस्थेत वापरता यावेत, हा त्यांचा उद्देश. कल्पना उत्तम आहे. ज्या मुलीला लग्नामुळे गाव सोडावे लागते, ज्या मुलाला बापाच्या आजारपणात शिक्षण अर्धवट टाकावे लागते, त्यांना ती उपयोगी पडेल. परंतु बँकेत जमा असलेला पैसा दुकानदाराने घेतला नाही, तर पासबुक दाखवून धान्य मिळत नाही. श्रेयांक कोण स्वीकारणार, किती स्वीकारणार आणि किती दिवसांत उत्तर देणार, हे ठरल्याशिवाय बदलीचा रस्ता पुरा होत नाही.

सारांश, अशा प्रत्येक व्यवस्थेकडे चार गोष्टी मागाव्यात. निकालाची तारीख दोन्ही पक्षांना बांधणारी असावी. कोणत्या अटीवर प्रवेश मिळेल आणि कोणत्या कारणाने जाईल, हे आधी लेखी सांगावे. नकार दिला तर त्याचे कारण द्यावे. आणि संकटाच्या काळात मुदत, शुल्क व मदत यांची मोजणी सर्वांत कमी पैशांच्या माणसापासून सुरू करावी. यांत अशक्य असे काही नाही. पहिल्या दोन गोष्टींना तर पैसाही फारसा लागत नाही. मात्र त्या मागाव्या लागतात, आणि त्या एकट्याने मागून मिळत नाहीत. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत निघून जातो, म्हणून त्याची मागणीही त्याच्याबरोबर निघून जाते. गावात राहणारे आईबाप, शिक्षक आणि नागरिक यांनी ती धरून ठेवली पाहिजे. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येण्यापूर्वी आपल्या गावच्या कॉलेजात जाऊन, येथले श्रेयांक कोणते विद्यापीठ घेते आणि तसे लिहून दिले आहे काय, एवढी चौकशी प्रत्येकाला करता येईल.